उजव्या चाकाचा निपल

माझ्या वडिलांकडे दोन सीटची लाल स्पोर्ट्स गाडी होती असं सांगितलं की लोकांना वाटतं, आम्ही बड्या घरचे असणार. वडील रोह्याला एका केमिकल कंपनीत फोरमन होते. कंपनीतले एक मोठे साहेब परदेशी जायला निघाले, तेव्हा आवारात बंद पडलेली ही गाडी त्यांनी वडिलांना जवळजवळ देऊनच टाकली. ती चालू करण्याची चिकाटी दुसऱ्या कुणात नाही, हे त्यांना माहीत होतं. वडिलांनी शिफ्ट सुटल्यावर रोज थोडं थोडं काम करून दीड वर्षात ती रस्त्यावर आणली. रविवारी आईला शेजारी बसवून ते नदीकाठच्या रस्त्याने निघाले की बाजारातली माणसं हातातलं काम टाकून बघत.

हे तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी थांबलं. दोघं पेणहून परत येत होते. गडब गावाजवळ पुढचा ट्रक अचानक थांबला, वडिलांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. त्यांनी गाडी डावीकडे वळवली; ती भात कापून झालेल्या शेतात उतरली आणि बांधाला धडकली. आईचा डावा हात कोपराखाली मोडला. शेतातल्या माणसांनीच ट्रॅक्टर लावून गाडी वर काढली. वडिलांनी ती रोह्याच्या घरामागच्या शेडमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि पुन्हा कुठलंच वाहन चालवलं नाही. पुढे कुठेही जायचं झालं की रिक्षा नाहीतर बस. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. घरी आले की त्यांना बसस्टँडवर उभं बघायचे आणि मनात म्हणायचे, एवढा धीराचा माणूस एका धडकेने घाबरला. मला त्यांची थोडी लाजच वाटायची, हे आज कबूल करते.

पुढे मी पेणला कॉलेजात शिकवायला लागले आणि गेल्या वर्षी आईवडिलांना माझ्याकडे आणलं. रोह्याचं घर विकायचं ठरलं. सगळं सामान हललं, गाडी तेवढी राहिली. मी म्हटलं, भंगारवाल्याला बोलावते.

"नाय," आई म्हणाली. "ती उचलून न्यायची नाय. आधी चालू कर. मला अजून एकदा तिच्यात बसायचंय."

"अगं, तुझा हात मोडला होता त्या गाडीत."

"हात जुळला कधीच. गाडीच तेवढी राहिली."

 वडिलांनी शेडची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

पेणमध्ये माझ्या कॉलेजमागे एक मेकॅनिक होता. खाडीकडच्या गावातला माणूस, मुंबईच्या गॅरेजांत तीस वर्षं काढून परत आलेला. त्याची शेड एका गणपतीच्या कारखान्याला लागून होती. टेम्पोवरून गाडी उतरवली तेव्हा कारखान्यातली माणसंही बघायला आली. टायर दगडासारखे झाले होते. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी कापूस आणि वर्तमानपत्राचं घर केलं होतं. टाकीतलं पेट्रोल चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्याला वार्निशसारखा वास येत होता.

"इंजिन मेलेलं नाय, ताई," मेकॅनिक म्हणाला. "आखडलंय फकस्त."

त्याने प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि ते चार दिवस नुसतं मुरू दिलं. पाचव्या दिवशी पाना लावून तो इंजिन हाताने फिरवायला लागला. आधी काहीच नाही, मग केसभर, मग पाव फेरा. कार्बुरेटर उघडला, त्याची बारीक भोकं मूर्तींना रंग मारायच्या कॉम्प्रेसरने फुंकून साफ केली. मी रोज संध्याकाळी जाऊन बघायचे आणि घरी येऊन सांगायचे. आई खोदून खोदून विचारायची. वडिलांनी त्या सगळ्या दिवसांत एकच प्रश्न केला, "ब्रेक कधी उघडणार आहे तो?"

ज्या दिवशी उघडणार होता, त्या दिवशी ते चप्पल घालून माझ्या आधी दारात उभे होते.

मेकॅनिकने गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली होती. तो खाली सरकला आणि बॅटरीचा झोत मारून म्हणाला, "काका, ह्यो पाइप बगा. मागच्या चाकाकडं जातो तो. क्लिपच्या खाली गंजून फुटलाय."

"आता फुटला असेल," वडील म्हणाले. "इतकी वर्षं पडून होती."

"नाय, नाय. ब्रेकचं ऑइल रंग खातं. हितं पत्र्याचा रंग सोलून निघालाय, आनि पार मागपर्यंत ऑइल उडालंय. गाडी उभी असती तर ऑइल खाली टिपकलं असतं. पळत्या गाडीत फुटलाय ह्यो."

वडील गुडघे दुखत असूनही वाकले. सोललेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पुढच्या उजव्या चाकाचा निपल बघ. तो सैल असेल."

ब्रेकमधली हवा काढायचा तो छोटा निपल; सैल राहिला तर ऑइल गळून ब्रेक जातो. मेकॅनिकने पाना लावला. हलेना. त्याने गंज सोडवायचं औषध मारलं, ठोकलं, पुन्हा लावला. हलेना. शेवटी गरम करून, दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे तो करकरत सुटला.

"कुनी आवळलाय ह्यो? राक्षसानं?"

"मी," वडील म्हणाले.

ते तिथल्याच एका उपड्या बादलीवर बसले.  मी पाणी आणलं. ते दोन घोट प्यायले आणि सांगायला लागले. अपघाताच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले होते, हवा काढली होती. शेवटच्या, उजव्या चाकाशी असताना कंपनीतून फोन आला. फोनवर बोलून आल्यावर चाक चढवलं. पण तो निपल आवळला होता की नाही, ते त्यांना आठवेना. अपघातानंतर दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या पहिल्यांदा तो विचार आला आणि मग गेलाच नाही.

"मग शेड उघडून बघायचं ना, बाबा. एका मिनिटाचं काम."

"सैल निघाला असता तर?" ते म्हणाले.

 तेरा वर्षं मी ज्याला भित्रेपणा समजत होते, ते हे होतं. मेकॅनिक चहा सांगायला गेला.

घरी आल्यावर वडिलांनी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. ती भडकली. "तेरा वर्षं माझ्या हातचं जेवत होतात, शेजारी झोपत होतात, आणि हे पोटात ठेवलंत? मला विचारलं असतंत तर मी सांगितलं नसतं का, ठीक आहे म्हणून?" त्या संध्याकाळी ती त्यांच्याशी बोलली नाही. वडील मात्र दोनदा भात मागून जेवले आणि बसल्या जागी झोपी गेले. इतकी गाढ झोप मी त्यांची कधी पाहिली नव्हती.

ब्रेकचे सगळे पाइप नवे घातले, टायर बदलले, कागदपत्रं पुन्हा केली. किल्ली वडिलांनी फिरवली. पहिल्या दोन वेळा नुसती घरघर झाली. तिसऱ्यांदा एक मोठा बार झाला, निळा धूर निघाला, शेजारच्या कारखान्यातून कुणीतरी ओरडलं, आणि इंजिन सुरू झालं. मेकॅनिक कान लावून उभा होता. वडिलांनी बोट वर केलं, "तिसरा सिलिंडर जरा चुकतोय," आणि तो हसून म्हणाला, "व्हय, काका, चुकतोय."

रोह्याच्या घराच्या किल्ल्या नव्या मालकांना द्यायच्या होत्या, त्या द्यायला दोघं त्याच गाडीने निघाले. मी माझ्या गाडीने मागे होते. पेणबाहेर मोकळा रस्ता लागला तसे वडिलांच्या गाडीचे मागचे दिवे सारखे लाल व्हायला लागले. समोर काही नसताना ते ब्रेक दाबून बघत होते. आठ-दहा वेळा तसं झालं. मग थांबलं. गडबला त्यांनी वेग कमी केला आणि मला वाटलं, आता उतरणार. पण काचेतून आईचा हात पुढच्या दिशेने हललेला दिसला, आणि गाडी निघाली. तिने काय म्हटलं ते मी नंतर विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, थांबता कशाला, चला. दुपारी ऊन वाढेल."

परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. आई हातपाय धुवायला गेली. वडिलांनी चहाही न घेता मेकॅनिकला फोन लावला. मला वाटलं, आभार मानतायत. ते त्याला सांगत होते की डावा इंडिकेटर लागत नाही आणि उद्या सकाळी ते स्वतः गाडी घेऊन येतायत.