राणीच्या मिशा

डोंगरकड्याच्या चहाच्या हॉटेलात एक शेळ्या राखणारे गृहस्थ रोज माझ्याच बाकावर येऊन बसायचे. शेळ्या बाहेर बाभळीखाली असायच्या. बशीतला चहा फुर्र करून ओढायचा आणि मग दोन बोटांनी भरघोस मिशी पुसायची. नाव मी कधी विचारलं नाही, मामा म्हणायचो.

मी तेव्हा माझ्या ई-इंक रीडरवर, म्हणजे पुस्तकं वाचायच्या काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या यंत्रावर, कॉमिक वाचण्यासाठी घरच्या घरी ॲप बनवत होतो. त्यात एक घोळ होता. पान उलटलं तरी मागच्या चित्राची सावली पडद्यावर उरायची. त्यामुळे राजानंतर राणीचं पान आलं की राजाच्या मिशा बरोब्बर राणीच्या ओठावर बसायच्या.

मामांनी हे पाहिलं आणि हसता हसता त्यांच्या बशीतला चहा माझ्या पँटवर आला. "आवं, राणीला मिशा फुटून राहिल्या की!"

मी मात्र इरेला पेटून तो घोळ काढला. पान उलटण्याआधी पडदा स्वच्छ पुसला जाऊ लागला.

नेमके त्याच दिवशी मामा मामींना राणीच्या मिशा दाखवायला घेऊन आले. राणी गुळगुळीत!

"काल व्हत्या," मामा पडेल आवाजात म्हणाले.

"मग काय, रात्रीतून दाढी करून आली व्हय?" मामींनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईनं लॅपटॉप उघडून जुनं ॲप परत टाकलं. राणीला मिशा फुटल्या. मामींनी आधी राणीकडे पाहिलं, मग मामांकडे.

"तुमच्यापरीस हिलाच शोभून राहिल्या."

मामांची दोन बोटं मिशीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.