देवजीच्या तारेचा उतार

१९४४ साली किन्हवलीच्या चावडीत बॅटरीवरचा रेडिओ आला आणि तो सांभाळायला देवजीला नेमलं. बंधाऱ्याचं पाणी पाटानं शेतोशेत फिरवणारा हा माणूस. जमिनीचा उतार त्याला तळपायाला कळे. वाचता मात्र येत नव्हतं. त्याचा मुलगा वाळू ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता, माझा, गावच्या मास्तरणीचा, थोरला मुलगाही तिकडेच. वर्तमानपत्र गावात तिसऱ्या दिवशी यायचं, तेही देवजीला मीच वाचून दाखवायचे.

देवजीनं आंब्यावरून रेडिओच्या एरियलची तार आणली तीही पाटासारखी, उतारावर, चावडीच्या पत्र्याला टेकवून खाली. "लाट हाय ना? मंग उताराबिगर येल कशी?"

रेडिओ नुसता खरखरला. तालुक्याचा कारकून बजावून गेला : सोमवारपर्यंत बोलला नाही तर रेडिओ मुरबाडकडे जाईल.

"त्याला जोरच नाय रे," बारकू पाटील म्हणाले. "माझ्या लॉरीची बॅटरी लाव जोडीला."

"आन् आतलं दिवं जळलं तर?"

"रेडिओ राखतोस का अंडी उबवतोस?"

सगळे हसले. देवजी डब्यापुढून हलला नाही.

मी कॉलेजात शिकलेलं आठवून सांगितलं, "बॅटरी आतले दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, पेटते ठेवते, मुंबईची लाट ओढून आणत नाही. जोर वाढवलात तर दिवे जातील. आणि ही लाट पाण्यासारखी वाहत नाही देवजी, तिला उतार लागत नाही. तार पत्र्याला टेकली आहे, तिथून सगळं जमिनीत जातंय."

तो तारेकडे बघत राहिला. "म्हंजी पाट पत्र्याशी फुटला, मास्तरीणबाई?"

"तसंच समजा."

माझ्या शब्दावर तो विसंबला नाही. सुक्या बांबूनं त्यानं तार पत्र्यावरून उचलली, तसा आवाज आला. खाली टेकवली, गेला. तीनदा केलं. मग सोडावॉटरच्या दोन बाटल्यांच्या माना कापल्या, काचेतून लाट झिरपत नाही म्हणून त्यांत तार ओवून दोन बांबूंवर सरळ ताणली. उतार नावालाही ठेवला नाही.

सोमवारी कारकून बैलगाडी घेऊन आला. देवजी दारात उभा राहिला. "आदी ऐका. मंग न्या."

आत आघाडीच्या बातम्या चालल्या होत्या. कारकून ऐकून रिकाम्या गाडीनं परतला.

बातम्यांत वाळूचं नाव येणार नाही, हे देवजीला ठाऊक होतं. तरी रोज संध्याकाळी तो आधी तार निरखायचा, पत्र्यापासून वीतभर वर आहे ना बघायचा आणि मगच आत येऊन माझ्याशेजारी बसायचा.