भावजींची गारठलेली कुंडी

कतारच्या उन्हाळ्यात गारठ्याने शिंकणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे दोह्यातल्या आमच्या अल सद्दच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे भावजी. नात्याने ते कोणी नव्हेत. पण परमुलखात नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला प्रत्येक मराठी पुरुष भावजी होतो, तसे तेही झाले. मूळचे नाशिकचे, गॅस कंपनीत इंजिनियर. तरुणपणी कंपनीने त्यांना दोन वर्षं स्कॉटलंडला धाडलं होतं. तिथल्या घरमालकिणीने त्यांना रुबार्ब नावाच्या आंबट वनस्पतीची चटक लावली आणि द्राक्षांवर वाढलेला हा माणूस कायमचा हातचा गेला. रुबार्बला थंडी लागते आणि दोह्यात खरी थंडी एसीतूनच येते. म्हणून हिवाळाभर बाल्कनीत असलेली कुंडी मार्च सरला की भावजींच्या बेडरूममध्ये यायची, थेट एसीच्या झोताखाली, भोवती बर्फाच्या पिशव्या. त्यांची बायको जूनमध्ये स्वेटर आणि कानटोपी घालून झोपायची. "माझ्यासाठी कधी एसी सोळावर लावला नाही," ती मला सांगायची, "सवतीसाठी लावतात." त्यावर भावजी शांतपणे म्हणायचे, "तू कुठे कोमेजतेस?"

कुंडीतलं झाड तेव्हा लहान होतं, त्यामुळे सुपरमार्केटात परदेशी रुबार्ब दिसला की भावजी तोच आणून साखर घालून शिजवत आणि तो गुलाबी लगदा वाटीतून घरोघर पोचवत. समोर उभं राहून आपल्याला खायला लावत आणि तोंडाकडे बघत. त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती: दुसरा चमचा मागणारे आणि पाणी मागणारे. आमच्या ह्यांनी पाणी मागितलं, वर "चिंचेत साबण पडलाय" असंही म्हणाले, तेव्हापासून भावजी त्यांच्याशी फक्त क्रिकेटवर बोलत. मी दुसरा चमचा मागितला. खरं तर पहिल्यात काही कळलंच नव्हतं म्हणून. पण भावजींनी मला आपल्या पंगतीत घेतलं. "वहिनी, गोड काय, कुणालाही आवडतं," ते म्हणाले, "त्यात कसली आलीय कर्तबगारी?"

एका हिवाळ्यात मात्र झाडाला बहर आला; परातीएवढी पानं, बोटाएवढे लाल देठ. आणि त्याच हिवाळ्यात बायकोने निर्वाणीचं सांगितलं: "या खेपेला तोंडात घालण्याजोगं काही निघालं नाही, तर कुंडी खलास. उन्हाळ्यात बेडरूममध्ये एकतर ती, नाहीतर मी." पण पीक काढण्याआधी दोघांना आठवडाभर नाशिकला लग्नाला जायचं होतं. भावजी आमच्या घरी कुंडी आणि सूचनांचा कागद ठेवून गेले. त्यात पाणी किती घालायचं ते होतं. खायचं काय ते नव्हतं.

तेव्हा मी पंचावन्नची होते, म्हणजे अक्कल येण्याचं वय झालं होतं, अक्कल तेवढी वाटेत होती. अळूच्या फदफद्यात माझा हात धरणारं दोह्यात कोणी नाही, असं मी स्वतःच चारचौघांत सांगत असे. ती पानं बघून हात शिवशिवायला लागले. भावजींचं झाड वाया जाऊ नये, परत आल्यावर वाटीभर द्यावं, असा उदात्त विचार करून मी संकष्टीच्या दिवशी सगळी पानं देठांसकट कापली. देठ जून वाटले, ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. पानं शिजवली, घोटली, डाळ-दाणे घातले, घसा खाजू नये म्हणून चिंच घातली. ह्यांनी दोनदा झाकण उचललं आणि दोनदा पळीचा मार खाल्ला. नैवेद्य दाखवायचा होता ना! चंद्रोदयाची वाट बघत बसले होते, तेवढ्यात भावजींचा रोजचा फोन आला.

"कशी आहे हो कुंडी?"

"तुमच्या पानांचं फदफदं केलंय!" मी अभिमानाने सांगितलं.

पलीकडून भावजींचा कधी न ऐकलेला आवाज आला: "वहिनी, चाखलं नाहीत ना?"

"नैवेद्याआधी कशी चाखीन?"

"दादांनी?"

"नाही हो."

"नक्की? पान विषारी असतं. ते सगळं फेकून द्या. देठ तेवढा खातात."

मी पातेलं उचलून सिंकमध्ये पालथं केलं. झाडाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, फोन ठेवेपर्यंत आणखी तीनदा "चाखलं नाहीत ना?" एवढंच विचारलं. फोन ठेवल्यावर मी कचऱ्याचा डबा उपसून देठ बाहेर काढले आणि धुऊन फ्रीजमध्ये ठेवले.

भावजी परतले त्या दिवशी मी त्यांच्याच स्वयंपाकघरात त्या देठांचा मेथांबा केला, कैरीचा करतात तसा, गूळ घालून. वाटी बायकोपुढे ठेवली. भावजी खिडकीबाहेर बघत उभे राहिले. पहिल्यांदाच कुणाच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. बायकोने एक चमचा खाल्ला, एक डोळा मिटला, "कैरी बरी" म्हणाली आणि दुसरा चमचा घेतला. भावजींचं नाक लाल झालं होतं. थंडीने असेल.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. नोकरी संपली की व्हिसा संपतो; आम्ही अजून इथे आहोत ते मुलाच्या व्हिसावर. दोह्यात कुणाचंच अंगण कायमचं नसतं. जाताना, मुळांतून पुन्हा फुटलेली ती कुंडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, आता तुम्हाला काय खातात ते ठाऊक आहे."

सध्या जून आहे. ह्यांनी कानटोपी घातलीय. नात दारातूनच ओरडते, "आज्जी, युअर रूम इज फ्रीझिंग!" मी तिला शालीत ओढून घेते. खालच्या घरात आता कोणी नवीन राहायला आलंय, त्यांच्या खिडक्यांवर ऊन पडलेलं असतं. संध्याकाळी नाशिकहून फोन येतो. "कशी आहे हो कुंडी?" भावजी विचारतात, आणि मागून त्यांची बायको ओरडते, "वहिनींना म्हणावं, एसी सोळावरच ठेवा."