काजू कारखान्याची भिंत आणि हसनमास्तर

हसनमास्तरांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या रागामुळे. बंदराजवळच्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला रुजू झाले, तेव्हा मुलांच्या वह्यांत सगळीकडे दोन डोंगर आणि मधोमध सूर्य; माणूस एकही नाही. "ह्या गावात माणसा रवणत नाय काय रे?" शाळेतले सर्वांत जुने शिक्षक असलेले मास्तर वर्गावर कडाडले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या.

निवृत्तीनंतर मास्तरांनी बंद पडलेल्या काजू कारखान्याची भिंत रंगवायला घेतली. एकट्याने नव्हे. तिथे बिया फोडणाऱ्या बायकांना त्यांनी घरोघर जाऊन बोलावलं. टरफलाच्या तेलानं काळे पडलेले हात या बायका लग्नकार्यात पदराखाली लपवत. तेच हात रंगात बुडवून भिंतीवर उमटवायचे आणि शेजारी नाव लिहायचं, असं ठरलं. कामावर असताना तेल लागू नये म्हणून त्या हातांना राख चोळत. रंगकामालाही सवयीनं राख चोळूनच आल्या आणि ठसे फिसकटले. स्प्रेचे डबे घेऊन आलेली कॉलेजची मुलं पुसायला धावली. मास्तरांनी अडवलं. "तेंचे हात असेच आसत," म्हणाले. मग मुलांनी त्या ठशांभोवती काजूची झाडं रंगवली.

पुढे त्यांतल्या जयूबाई वारल्या. त्यांच्या आजारपणात मास्तर रोज पेज घेऊन जात, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. जयूबाईंची मुलगी सुनंदा बाजाराला जाताना आईच्या ठशावर हात टेकवून पुढे जायची.

आता संतापाचं सांगते. मास्तरांच्या पंचाहत्तरीचा सोहळा कारखान्याच्या आवारात करायचं आपल्या गावच्या गौरव समितीनं ठरवलं आणि बॅनर उठून दिसावा म्हणून ती भिंत ऑइलपेंटनं पांढरीफट्ट केली! ज्यांचा सत्कार, त्यांचंच काम पुसून! जाब विचारला तर उत्तर मिळालं, "डाग होते हो, बाई." जनाची नाही तर मनाची तरी?

मास्तरांनी शाल घ्यायला नकार दिला आहे. आधी बायका पुन्हा हात उमटवतील, मग सत्कार, ही त्यांची अट. समिती कुरकुरत कबूल झाली आहे.

मास्तरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचा राग असाच शाबूत राहो, ही मनापासून प्रार्थना. पण काल सुनंदा त्या पांढऱ्या भिंतीसमोर आईच्या ठशाची जागा शोधत उभी होती. मास्तरांना म्हणाली, "सगळ्यांचे हात परत येतले. माझ्या आवशीचो खंय शोधू?"

याचं उत्तर समितीनं द्यावं.