तेरावी टोपी

आपण गिरीज सोडलं त्या दिवशी टेम्पोत सामान कमी आणि केळीचे घड जास्त होते. आळीतले लोक एकेक घड आणून टाकत होते, जसं काही आपण दुष्काळी मुलखात निघालो होतो. जायचं होतं आचोळ्याला. रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे, टेम्पोने तासभरही लागला नाही. एवढ्याला कोणी स्थलांतर म्हणत नाही, सांगितलं तर लोक हसतात. वाडी चार भावांत वाटली गेली, बाबांच्या वाट्याच्या तुकड्यावर घर चालेना आणि पूर्वेकडच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली, एवढीच कथा. आजी फाटकापाशी उभी होती. रडली नाही. म्हणाली, "येत जावा. बोलवायची वाट बघू नका." सुजू, तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. आईच्या मांडीवर बसून केळं खात होतीस, तुला हे आठवत नसेल. मी आठ वर्षांची होते. मला सगळं आठवतं, म्हणून मोठ्या बहिणीच्या नात्याने हे तुला लिहितेय.

गिरीजला वाढदिवस म्हणजे संध्याकाळी आई ओवाळायची आणि आजी शिरा करायची. बोलावणं कुणालाच नसायचं. तुपाचा वास सुटला की पोरं आपसूक ओट्यावर येऊन बसायची. एकाला हाक मारली तर त्याच्यामागे त्याची भावंडं, कडेवरच्यासकट. एकदा कुणाकडे आलेला पाहुण्यांचा मुलगा जेवून गेला. हा कोण, असं आईने विचारलं, तर आजीने तिलाच झापलं. "पोर कोनाचं ते इचारायचं नाय. पोट भरलं का ते इचारायचं." शिरा कमी पडला की सगळ्यांच्या वाट्या थोड्या लहान व्हायच्या. कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये आपलं वन रूम किचन चौथ्या मजल्यावर होतं. पाणी टँकरचं, जिना अंधारा आणि शेजारी सगळे कुठून कुठून आलेले. तिसऱ्या मजल्यावरची प्राची माझ्या वर्गात होती. तिचे आईवडील मुंबईतली चाळीतली खोली सोडून आलेले. तिच्या वाढदिवसाचं कार्ड माझ्या नावाने आलं. फुग्यांचं चित्र, खाली माझं नाव आणि वेळ पाच. आईने ते दोनदा वाचलं, देवाजवळ ठेवलं आणि आपल्या दोघींनाही तयार केलं. एकाच ताग्यातले दोन पिवळे फ्रॉक, पावडर, रिबिनी. तिला यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. मी म्हणाले, कार्डावर सुजूचं नाव नाही. ती म्हणाली, "एकीला बोलवलं म्हंजे दुसरीने काय घरी बसायचं?"

पुढचं तुला माहीत आहे. पण मला ते एकदा माझ्या तोंडाने सांगायचं आहे.

दारातच प्राचीची मम्मी पुठ्ठ्याच्या चकचकीत टोप्या घालत होती. एका मुलीच्या डोक्यावर एक, इलॅस्टिक हनुवटीखाली. माझ्या डोक्यावर घातली ती बारावी आणि शेवटची. मग तिने तुझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हे मला सांगायलाच हवं. खोली केवढीशी, केक पाऊण फूटभर, समोशांच्या बशा आधीच मांडलेल्या. बाई हिशेबात अडकली होती. म्हणाली, "अगं, ही कोण? हिलापण आणलंस?" वर्गातल्या सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. तू माझा फ्रॉक धरला होतास. मी तो तुझ्या मुठीतून सोडवला आणि म्हणाले, "मी नाही आणलं. ती अशीच मागे मागे येते."

प्राचीच्या मम्मीने तुझ्या हातात एक वेफर ठेवला आणि म्हणाली, "जा बाळा वर, तुला नंतर केक पाठवते." तू जिना चढत गेलीस, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. मी पाहिलं आणि आत गेले. संगीत खुर्चीत माझा दुसरा नंबर आला. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

घरी आले तेव्हा तू दारालगत बसली होतीस, फ्रॉक तसाच अंगावर. वेफर हातात होता, खाल्लेला नव्हता. आईने मला विचारलं, "ही एकटीच का आली?" मी म्हणाले, रडायला लागली म्हणून पाठवली. तू माझ्याकडे बघत राहिलीस, पण मला खोटं पाडलं नाहीस. मी रिटर्न गिफ्टमधलं शार्पनर तुला दिलं. ते तू घेतलंस आणि विचारलंस, "ताई, मला बोलवलं नव्हतं?" केक काही वर आला नाही.

त्यानंतर तू सगळीकडे हेच विचारायला लागलीस. सुट्टीत गिरीजला काकांकडे निघालो तरी, "मला बोलवलंय ना?" काका पोट धरून हसायचे. म्हणायचे, आपल्या घरी यायला हिला आमंत्रण लागतं, पोरगी शहरातली झाली. आईही हसायची. मी हसत नव्हते, आणि का हसत नव्हते हे कुणी विचारलं नाही.

आता माझी मुलगी शाळेत जाते. तिच्या शाळेतून एक छापील कागद आला होता. वाढदिवसाच्या पार्टीतून लहान मुलं वाटून खायला शिकतात, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतात, थँक्यू म्हणायला शिकतात. मला तो कागद वाचून संताप आला. शिकतात, शिकतात. आपण दोघी एकाच दुपारी शिकलो. तू शिकलीस की आपण जास्तीचे असू शकतो. आणि मी शिकले की जास्तीचं माणूस कसं झटकायचं. माझा धडा मला फार उपयोगी पडला, नोकरीत, सासरी, सगळीकडे.

तू लग्न करून गिरीजलाच परत गेलीस, आपल्या जुन्या घरापासून चार वाड्या सोडून. तुझ्या ओट्यावर अजून कुणाचीही पोरं बसलेली असतात. मी विरारच्या या कॉम्प्लेक्समधून तिथे निघते तेव्हा आधी फोन करते, आहेस ना, येऊ ना? तू म्हणतेस, "इचारतेस काय, ये की." माझ्यासाठी घर म्हणजे आता एवढंच उरलं आहे, जिथे विचारलं की तू हसतेस. माझ्या दाराला बेल आहे, खाली वॉचमन आहे, त्याच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय वर येता येत नाही. तू आजवर एकदाही न विचारता आली नाहीस.

गेल्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाच्या आधी तुझा फोन आला. "ताई, दोघांना बोलवलंयस की रोहनलाच?" विचारताना तुझ्या आवाजात काहीही नव्हतं. तू चार वाड्यांत कामाला येणाऱ्या बाया सांभाळून केळीचा धंदा करणारी, रोहनची आणि त्याच्या धाकट्या बहिणीची आई, आणि तू मला हे विचारत होतीस. माझ्यासमोर यादी होती. चौदा नावं, चौदा टोप्या, चौदा रिटर्न गिफ्ट. मी बोलण्याआधी यादीकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण तुला तेवढा पुरला. तू म्हणालीस, "बरं, रोहनलाच पाठवते. धाकटीचं काय, ती अशीच मागे मागे येते."

मी म्हणाले, तसं नाही गं. मग म्हणाले, पुढच्या वेळी नक्की तिलाही. तू हो म्हणालीस आणि फोन ठेवलास.

रोहन आला, तू दिलेला केळीचा घड घेऊन. वरच्या मजल्यावरच्या दोघी मुली क्लासमुळे आल्या नाहीत, आणि वर्गातल्या आणखी एकीला ताप होता. संध्याकाळी पसारा आवरताना पाहिलं, तर तीन टोप्या उरल्या होत्या.