भांग लागला की जाऊ

पालघरच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून तोवर कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. सकाळी गावातल्या कोळणींच्या टेम्पोतून आम्ही दोघी बरोबरच जायचो.

एकदा शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा आईच्या अंगठ्यात घुसला. तिने हळद-चुना लावला. पुढे हात मनगटापर्यंत सुजला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "भांग लागला का जाऊ. आता उधाण हाय."

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. पुनवे-अवसेच्या उधाणात जाळी भरून येतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर उतरतो, मासळी कमी मिळते, त्याला आम्ही भांग म्हणतो. दुखणं असो की सोयरीक, सगळं भांगावर टाकायची आमची रीत. गावात दवाखाना नव्हता. बाजारामागच्या दवाखान्यात केसपेपर अकरापर्यंतच मिळे आणि गिऱ्हाईकही तेवढ्याच वेळात येई. आईला दवाखाना नको होता असं नाही. तिच्या दिवसात तो बसतच नव्हता.

बाजारात आईच्या शेजारी एक कोळीण बसायची. मी तिला काकी म्हणायचे. जागेवरून दोघींचं रोज वाजायचं. त्या दिवशी आईला डाव्या हाताने मासळी उचलताना पाहून ती म्हणाली, "हात दाव."

"काय नाय गो. भांगात जाणार हाय."

"भांग लागंपर्यंत अंगठा कुजंल तुजा. मंग काय पायानं म्हावरं इकशील? जा, तुजी पाटी मी इकते."

दुसरीच्या पाटीला हात लावायचा नाही, हा बाजाराचा नियम. आईसुद्धा चमकली. "तू? माजं गिऱ्हाईक पळवशील!"

"तुजं गिऱ्हाईक तुज्यासारकंच चिकट. पळतंय कुटं? पोरी, ने तिला."

तिने स्वतःच्या पाटीवर ओलं गोणपाट टाकलं आणि आईची पाटी पुढे ओढली.

दवाखान्याच्या रांगेत मासळीच्या वासाने एका बाईने पदर नाकाला लावला. आई परत फिरू लागली. मी तिचा पदर धरून ठेवला. डॉक्टरांनी पू काढला. ते म्हणाले, अजून थांबला असतात तर अंगठा वाचला नसता. पट्टीसाठी रोज यायला सांगितलं. रोज, म्हणजे भर उधाणात.

आम्ही परतलो तेव्हा आईची पाटी रिकामी होती. काकीची तशीच होती, गोणपाटाखाली मासळी मऊ पडत चाललेली. आईने गोणपाट उचलून पाहिलं. काकी म्हणाली, "तुजं म्हावरं खपवता खपवता घसा बसला माजा. उद्या डाक्टरकडनं माज्या घशाचं औषद आण."

पट्ट्या संपेपर्यंत ती रोज आईची पाटी आधी विकत होती. तिचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हा कळलं नाही, आजही नीट कळत नाही.

शेवटची पट्टी सुटली त्या दिवशी आई येऊन बसली. काकीने तिचा अंगठा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, आणि म्हणाली, "बरा झाला ना? मंग सरक तिकडं. माज्या जागंवर आलीस."

आई हसत हसत सरकली.