क्वालिटीवहिनींचा तिसऱ्या पाळीचा डबा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. हे कुणी वाचलंच, तर तेवढं सांभाळून घ्या. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत लिहितेय.

क्वालिटीवहिनी डबा उघडण्याआधी डोळे मिटायच्या. झाकण एका बाजूनं जरासं उचलायच्या, नाक त्या फटीशी न्यायच्या आणि श्वास आत घेऊन थांबायच्या. त्या थांबल्या की आपणही श्वास धरायचा. मग डोळे उघडून म्हणायच्या, "ओके." नाहीतर, "रिजेक्ट." तिसरा शब्द नाही.

"रिजेक्ट म्हणजे खराब झालं का हो?" मी एकदा विचारलं.

"अजून झालं नाही. तासाभरात होईल. आणि ज्याला जेवायचं आहे तो तासाभरानंच जेवणार आहे."

आमच्या काळेवाडीच्या चाळीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत त्या आठ वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. लोखंडी तुकडा उचलायचा, मापात बसतो का बघायचा, हिरव्या नाहीतर लाल पेटीत टाकायचा. म्हणून क्वालिटीवहिनी. काम कंत्राटावरचं. एका दिवाळीनंतर कंपनीनं ब्रेक दिला, परत बोलावतो म्हणाले, बोलावलं नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिचं काम जातं पण हाताची सवय जात नाही. वहिनी महिनाभर घरात बसल्या आणि मग घरातलंच तपासायला लागल्या.

त्यांचे मालक तिसऱ्या पाळीला जायचे. संध्याकाळी भरलेला डबा उघडेपर्यंत आंबायचा. कंपनीतल्या माणसांचं असंच होतं. माझे मालक तर वास आला तरी खाऊन टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसायचे. वहिनींनी ठरवलं, कुठली भाजी किती तास टिकते ते शोधायचं.

मग त्या रोज चार-पाच डबे भरून घरमालकीण आजींच्या पत्र्यावर उन्हात ठेवायला लागल्या. आजी मूळ गावच्या, तोंडाच्या फटकळ.

"क्वालिटे, माज्या पत्र्यावर डबं का मांडलंस गं? कावळ्यांची पंगत हाय व्हय?"

"नाही आजी, तपासणी आहे. कारखान्यात असंच तापतं."

"व्हय का? मग मलाबी ठिव वर. मी किती टिकते ते बघ."

दर दोन तासांनी वहिनी शिडी चढायच्या, एक डबा उतरवायच्या, वास घ्यायच्या आणि वहीत लिहायच्या. दुधीची भाजी त्यांनी सहा वेळा केली. एकदा कांदा घालून, एकदा कांद्याशिवाय, एकदा पाणी पार आटवून. सहा दिवस त्यांच्या घरी दुसरी भाजी नव्हती. मी लोकांकडे पोळ्या करते, वाकडला तीन घरी. त्यांनी माझ्याही पोळ्या पत्र्यावर ठेवल्या. संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, "तुझी पोळी ओके. गार करून भरतेस, म्हणून घाम धरत नाही." शाळा सुटल्यापासून मला कुणी पास केलं नव्हतं. त्या रात्री मी दोनदा उठून पाणी प्यायले, इतका आनंद झाला होता.

वही भरली तेव्हा त्यांनी ब्लॉग काढायचं मनावर घेतलं. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला.

"म्हणजे काय वहिनी?"

"वहीच. फक्त दार उघडं ठेवलेली. ज्याला पाहिजे त्यानं फोनवर येऊन वाचावी."

"सगळे तर व्हिडिओ काढतात."

"जेवणाच्या सुटीत व्हिडिओ पुरा होत नाही गं. वाचून होतं. आणि मला तोंड दाखवायचं नाही. तोंड चांगलं आहे का, हे बघायला नको कुणी. भाजी चांगली आहे का ते बघावं."

त्यासाठी जुना लॅपटॉप हवा होता, नेट हवं होतं, ब्लॉगच्या नावाचेही वर्षाचे पैसे भरायचे होते. आमची बारा जणींची भिशी. महिन्याला दोन हजार. त्या महिन्यात चिठ्ठी माझ्या नावाची निघाली होती. चोवीस हजार. ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे होते, जूनमध्ये भरायचे. वहिनी नळावर माझ्या मागे उभ्या राहिल्या. हंडा भरून वाहायला लागला तरी बोलेनात.

"जूनच्या आत देईन," शेवटी म्हणाल्या. "नाही दिले तर तुझ्या पोरीचं वर्ष जाईल, हे मला माहीत आहे. म्हणून विचारायला चार दिवस लागले."

मी दिले. मालकांना सांगितलं, आपली भिशी अजून लागली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी खोटं बोलले. का दिले, ते मलाही नीट सांगता येत नाही. जी बाई एका दुधीला सहा दिवस देते, ती पैशाला विसरणार नाही, एवढंच वाटलं.

सुरुवातीला वाचणारे आम्हीच. वहिनी एकदा अंगणात सांगत होत्या, "आज नऊ जण येऊन गेले."

"कुठं?" आजी म्हणाल्या. "मला तर कुनी दिसलं न्हाई."

"माझ्या ब्लॉगवर, आजी."

"मग च्या तरी पाजायचा व्हता."

मग त्यांनी तिसऱ्या पाळीच्या डब्याबद्दल लिहिलं. संध्याकाळी भरायचं काय, भरायचं नाही काय, झाकण कधी लावायचं. कुणीतरी ते कंपनीच्या बसमधल्या लोकांना पाठवलं. त्या बसमधून दुसऱ्या बसमध्ये गेलं. माझे मालक एक दिवस कामावरून येऊन मलाच सांगायला लागले, "पोळी गार करून भरत जा, असं एका बाईनं लिहिलंय. सगळी लाइन वाचतेय." मी मान खाली घालून हसले.

लोक प्रश्न विचारायचे. चाकणला सहा जणांत खोली करून राहणाऱ्या कुणी विचारलं, फ्रीज नाही, दही नेऊ का? वहिनींनी लगेच उत्तर दिलं नाही. दही पत्र्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, सकाळच्या पाळीला न्या, दुपारच्या पाळीला नेऊ नका. एका माणसासाठी एवढं! मी त्यांच्या खिडकीतून बघायची. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून टाइप करायच्या. पान पुरं झालं की मला वाचायला लावायच्या. मी अडखळले तर ते वाक्य खोडायच्या. म्हणायच्या, "तू अडलीस म्हणजे मशीनवरचा दमलेला माणूसही अडेल." माझ्या अडखळण्याचा कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये ब्लॉगवर जाहिराती सुरू झाल्या. पैसे कुठून येतात ते भिशीच्या दिवशी सगळ्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "वाचणाऱ्यानं जाहिरातीवर बोट टेकवलं की थोडे जमा होतात. ठरावीक रक्कम साठली की बँकेत येतात."

एवढंच त्या बोलल्या आणि घरी गेल्या. पुढचं सगळं मी केलं.

लग्नघरी आपण ओंजळभर गहू नेतो ना, तसं मला वाटलं. वाकडच्या पोळ्या आटपून बसला उभी राहिले की ब्लॉग उघडायची आणि दिसेल त्या जाहिरातीवर बोट टेकवायची. पोळ्या लाटणारी बाई मी, दिवसातून चाळीस वेळा तीन बेडरूमचे फ्लॅट उघडून बघत होते. मी भिशीतल्या सगळ्यांना शिकवलं. आजीसुद्धा ओट्यावर बसून सांगायच्या, "आज मी धा येळा दाबलं. मोटार व्हती." मला जूनची घाई होती, हेही खरं. माझेच पैसे लवकर परत येतील असं मनात होतं.

वहिनी आकडा बघून खूश होत नव्हत्या. "आकडा चांगला आहे," म्हणायच्या, "पण मला पटत नाही. वाचणारे तेवढेच, मग बोटं एवढी कुणाची?" आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. वाटायचं, पैसे हातात पडले की सांगू.

पैसे हातात पडायच्या आठवड्यात जाहिरातवाल्या कंपनीचं पत्र आलं. ही बोटं खरी नाहीत, खातं बंद, साठलेले पैसे जाहिरात देणाऱ्यांना परत. वहिनींनी ते मराठीत वाचून दाखवलं आणि लॅपटॉप मिटला.

मला दोन दिवस तोंड दाखवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या उंबऱ्यात उभी राहिले.

"वहिनी, ते मी केलं."

"किती वेळा?"

"रोज चाळीस. कधी पन्नास. बाकीच्यांनाही मीच शिकवलं."

आता बोलतील, सगळी चाळ ऐकेल, असं वाटून मी पदर तोंडाला लावला.

"बोट दुखलं नाही का गं?"

मला रडू फुटलं. त्यांनी मला आत ओढलं, पाटावर बसवलं. म्हणाल्या, "माल रिजेक्ट झाला की मशीनला शिव्या देत नाही आम्ही. कुठं चुकलं ते बघतो. आपल्या माणसांनी बोट लावायचं नसतं, हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. माझी तपासणी चुकली." मग लॅपटॉप पिशवीत घातला. "चिंचवडला नेऊन विकते. निम्मे तरी येतील. जून जवळ आलाय."

मी आयुष्यात कुणाला नको म्हटल्याचं ठाऊक नाही. वाकडची बाई चार पोळ्या जास्त कर म्हणाली तरी करते. पण त्या दिवशी पिशवीचा बंद धरला आणि म्हणाले, "नको. तुम्ही लिहा."

"आणि पोरीचं?"

"जूनपर्यंत बघू. लिहा तुम्ही."

त्यांनी त्या जाहिरातवाल्या कंपनीला दोनदा लिहिलं, खरं काय झालं ते. दोन्ही वेळा नाही म्हणून उत्तर आलं. मग त्यांनी तेच ब्लॉगवर लिहिलं. शेजारणींनी प्रेमानं खातं कसं बुडवलं, कुणाचं नाव न घेता. शेवटी लिहिलं की आता इथं जाहिराती नाहीत, डबे मात्र रोज पत्र्यावर चढतील. ते पान इतर सगळ्या पानांपेक्षा जास्त लोकांनी वाचलं. लोक हसले, आणि लोकांनीच विचारलं, मग आम्ही तुम्हाला थेट पैसे कसे द्यायचे?

फुकट घेणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी तिन्ही पाळ्यांचं महिनाभराचं वेळापत्रक केलं, कुठल्या वारी कुठली भाजी, किती वाजता भरायची. वडापावच्या किमतीत ठेवलं. पहिल्या दिवशी सोळा जणांनी घेतलं. प्रत्येक वेळी फोन वाजला की वहिनी दचकायच्या आणि आजी ओट्यावरून ओरडायच्या, "आला गं वडापाव!"

त्यातच भोसरीच्या एका डबे बनवणाऱ्याचा फोन आला. माझ्या डब्याचं कौतुक लिहा, पैसे देतो.

"आधी दहा डबे पाठवा."

"दहा कशाला ताई? एक बघा ना, पीस एक नंबर आहे."

"आठ वर्षं सगळे हेच म्हणायचे."

दहातले तीन गळले. वहिनींनी तसंच लिहिलं, तीन गळले. तो माणूस चाळीत येऊन भांडला. धंदा बसवता का, म्हणाला. वहिनींनी त्याला पत्र्यावर नेलं आणि झाकणाची रबरी रिंग तापून कशी ढिली पडते ते बोटानं दाखवलं. तो उतरून गेला. महिन्यानं नव्या रिंगचे दहा डबे घेऊन आला. एकही गळला नाही. तेही वहिनींनी लिहिलं. तेव्हापासून तो दर महिन्याला जाहिरातीचे पैसे द्यायला लागला, आणि त्याचं बघून आणखी दोघं आले. खरं लिहिल्यावर पैसे मिळतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नाहीतर माझा विश्वास बसला नसता.

जूनमध्ये कॉलेजनं फी दोन हप्त्यांत घेतली. पहिल्या हप्त्याच्या आदल्या दिवशी वहिनी वेळापत्रकाचे आणि जाहिरातीचे मिळून चौदा हजार घेऊन आल्या. मालक घरातच होते. मग सगळं सांगावं लागलं. ते ऐकत राहिले, आणि एवढंच म्हणाले, "ती डब्यावाली बाई म्हणजे ह्याच?" आणि उठून त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

राहिलेले पैसे वहिनी दर महिन्याच्या पाच तारखेला आणायच्या. दोन हजार. कधी सहा तारीख झाली नाही. मी चहा ठेवायची, त्या नवीन पानातलं काही वाचायला लावायच्या. पाच तारखेला मी वाकडहून लवकर निघायची.

दिवाळीआधी त्यांनी चाकणच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. एक राहायला, एक नुसती डबे तपासायला. त्यांच्या मालकांची कंपनीही तिकडेच. टेम्पो दारात उभा होता. आजी उगाच टेम्पोवाल्यावर खेकसत होत्या. पाच तारखेला अजून आठवडा होता, तरी वहिनी माझ्या दारात आल्या. शेवटचे दोन हजार होते, शंभरच्या नोटा.

"मोजून घे."

"वहिनी, हजार राहू द्या ना. पुढच्या महिन्यात द्या."

"का? फी भरायची आहे ना दुसरी?"

मी नोटा न मोजताच खाली बसले. त्या समजल्या. माझ्या शेजारी पाटावर बसल्या.

"तुझ्याकडे यायला मला देणं कशाला लागतंय? मोज."

मी मोजायला लागले. डोळ्यांत पाणी होतं, मध्येच चुकले, परत पहिल्यापासून मोजलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. वहिनी घाई न करता बघत होत्या. वीस नोटा होत्या. चोवीस हजार पुरे झाले.